फोटोत नसलेली संध्याकाळ

माझ्याकडे परदेशातले छत्तीस फोटो आहेत आणि त्यातल्या एकतीस फोटोंत ऊस आहे.

थट्टा नाही. पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात आम्ही तिघं मॉरिशसला गेलो होतो. मी, माझे यजमान आणि त्यांचे इंदापूरचे दोस्त मन्सूरभाई. सहा तास विमानात बसून, खाली नुसतं पाणीच पाणी बघून जीव घाबरा करून उतरलो, आणि गाडी विमानतळाच्या बाहेर पडते न पडते तोच रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस सुरू झाला. डोंगरापर्यंत ऊस, समुद्रापर्यंत ऊस. "हितं बी हाय की," हे म्हणाले, आणि परमुलखात सोयरा भेटावा तसा त्यांचा चेहरा खुलला. मी मात्र त्याच क्षणी कपाळाला हात लावला.

ते फोटो आज पर्समध्ये घेऊन मी बारामतीहून इंदापूरच्या एस.टी.त बसले आहे. हे जाऊन चार वर्षं झाली. मन्सूरभाई तेव्हा भेटायला आले होते, त्यानंतर गाठ नाही. आज त्यांच्याकडे निघाले आहे ती एक गोष्ट विचारायला. त्या सहलीतल्या एका संध्याकाळी हे माझ्याशी काही बोलले होते. ते खरोखर बोलले होते का, एवढंच मला हवं आहे. आता सत्तरीला आल्यावर असं काही विचारायला निघालेय म्हणून कुणी हसेल. हसू दे. त्या संध्याकाळी तिथे आमच्याशिवाय तिसरं माणूस होतं ते मन्सूरभाईच.

एस.टी.ची खिडकी बंद होत नाही. लासुर्ण्याच्या अलीकडे पाटाचं पाणी सोडलेल्या सऱ्यांचा वास आत येतो आणि मला आमची कारखान्याची कॉलनी आठवते. हे पॅनमन होते. म्हणजे रसाचा पाक मोठ्या बंद भांड्यात आटवून त्याची साखर करणारा माणूस. पाकात दाणा धरायला लागला की नळीतून थोडा नमुना काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडासमोर धरायचा, मग अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून बघायचा. यांचा उजवा अंगठा त्यामुळे कायम गुळगुळीत आणि कडक. घरी जेवतानासुद्धा भाताची शितं, मिठाची चिमूट, जे हाताला लागेल ते चोळून बघायची सवय. मी म्हणायचे, अहो, मीठ आहे ते, त्याला काय तपासताय.

कॉलनीतला उन्हाळा पंचांगावर ठरत नसे. हंगामात चिमणीतून भुशाची काजळी पडायची. वाळत घातलेल्या पातळांवर, अंगणातल्या रांगोळीवर, झोपलेल्या पोरांच्या कपाळावर. म्हणून कारखाना बंद झाल्याशिवाय एकही बाई कुरडया-पापड घालत नसे. एप्रिलात एका दिवशी भोंगा वाजायचा, चिमणीचा धूर पातळ होत होत थांबायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या कॉलनीत गव्हाच्या चिकाचा वास सुटायचा. मळीचा वास मात्र भिंतींत मुरलेला असायचा, तो मे उलटला तरी जायचा नाही. कारखाना थांबला की अशी शांतता पडायची की पहिले चार दिवस कुणाला झोप लागत नसे.

मी कॉलनीच्या बालवाडीत शिकवायचे. आम्हाला मूल झालं नाही. तेव्हा लोक हे तोंडावर बोलत, आणि माझ्या सासूबाई तर यांना दुसरं लग्न कर म्हणून दर दिवाळीला सांगत. हे गप्प बसत. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याखाली मी पंधरा-सोळा वर्षं काढली होती. हा माणूस मनातून माझ्यावर नाराज आहे का, एवढंच मला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती.

त्या साली यांना पगाराचा फरक मिळाला. कॉलनीत कुणी स्कूटर घेतली, कुणी गावाकडे स्लॅब टाकला. मन्सूरभाईंचं इंदापुरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि त्यांचा धाकटा भाऊ सलीम मॉरिशसमध्ये कापडाच्या गिरणीत सुपरवायझर होता. मन्सूरभाईंनी एका रविवारी आमच्या ओट्यावर चहा पिता पिता खडा टाकला. "भानदास, हंगाम संपला. सलीम रोज बोलावतोय. राहायचं खायचं त्याच्याकडं. चल की." हे नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. "चल," हे म्हणाले, जसं काही नीरेला जायचं होतं.

मन्सूरभाईंच्या बायकोचंही ठरलं होतं. पण त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि त्या राहिल्या. मग दोन पुरुष आणि मी. शेजारच्या कुसुमताईंनी यावर बोलून घेतलंच. "दोन गड्यांसंगं समुद्रापल्याड निघालीस. धाडसाची हाईस बाई." मी कुरडया अर्धवट टाकून नवी दोन नायलॉनची पातळं बॅगेत घातली. यांनी बॅगेत काय घातलं? घोंगडी. यांचे वडील मेंढरं राखायचे, त्यांची ती घोंगडी होती, आणि तिच्याशिवाय हे कुठेच जात नसत. मी खूप भांडले. मे महिन्यात घोंगडी, तीही परदेशात? विमानतळावर तपासणाऱ्या साहेबाने ती उलगडली, नाकाला लावली आणि मान फिरवून हाताने जा जा केलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

आणि तिथे उतरलो तर थंडी. त्या मुलखात मे म्हणजे हिवाळ्याची सुरुवात, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी समुद्रावरून असं वारं यायचं की माझी नायलॉनची पातळं अंगाला चिकटून थरथरायची. यांनी घोंगडी काढून माझ्या खांद्यावर टाकली, आणि मी परदेशात आठवडाभर मेंढराचा वास घेऊन हिंडले.

बघायची ठिकाणं सलीमने लिहून दिली होती. सात रंगांची माती. मेलेल्या ज्वालामुखीचं तोंड, ज्याच्या तळाशी आता हिरवं पाणी आहे. एका बागेत परातीएवढ्या पानांची कमळं. मी सगळं पाहिलं, पण माझ्याबरोबरची दोन माणसं ऊस पाहत होती. गाडी थांबवायची, उतरायचं, पान चुरगळायचं, कांडं मोजायची. तिथे मे महिन्यात उसाला तुरा आला होता. आपल्याकडे तुरा थंडीत येतो, आणि इथे वैशाखात पांढरे तुरे वाऱ्यावर लवताहेत हे पाहून हे अगदी बावरले. "मन्सूर, ह्यांचा ऊस उलटा हाय," म्हणाले. शेतातून काळ्या दगडांच्या देवळाएवढ्या राशी होत्या, मधूनच एखादी जुनी चिमणी, खाली कारखाना नसलेली, नुसती उभी. त्या चिमण्यांसमोर हे टोपी काढून उभे राहायचे.

कॅमेरा मन्सूरभाईंचा, रोल एकच. ऊस किती उंच आहे हे गावाकडे कळलं पाहिजे म्हणून दर वेळी मला उसाजवळ उभं करायचे. "वहिनी, जरा हात वर धरा. अजून वर." त्यामुळे फोटोंत मी चौकातल्या पोलिसासारखी हात वर करून उभी आहे, मागे ऊस, अंगावर घोंगडी. हे एकाच फोटोत आहेत, तेही उसात शिरलेले. नुसता सदरा दिसतो. चौथ्या दिवशी रोल संपला. मन्सूरभाई नवीन घ्यायला निघाले तर हे म्हणाले, "आता काय ऱ्हायलंय काढायचं?"

पाचव्या दिवशी आम्ही समुद्रावर गेलो.

इतके दिवस समुद्र गाडीतूनच पाहत होतो. त्या दिवशी सलीमने पश्चिमेच्या किनाऱ्यावर सोडलं आणि तो कामावर गेला. आमच्या मनातला समुद्र म्हणजे अंगावर येणारा. हा तळ्यासारखा. लाटा दूर, अर्ध्या कोसावर, एका पांढऱ्या रेघेपाशी फुटत होत्या आणि त्यांचा आवाज तेवढा येत होता, बंद दाराआड जात्याची घरघर यावी तसा. किनाऱ्याला सुरूची झाडं. त्यांच्या पानांतून वारा जाताना बारीक शीळ. एक बाई डोक्यावर टोपली घेऊन अननस विकत होती, मीठ-मिरची लावून. मन्सूरभाईंनी आम्हाला एक अननस घेऊन दिला आणि ते मागे झाडाखाली जाऊन बसले. दहा पावलांवर.

हे घोंगडी अंथरून बसले. मी शेजारी, मध्ये हातभर अंतर ठेवून. बाहेर असंच बसायची आमची रीत. त्यांनी वाळू उचलली आणि अंगठ्यात-बोटात चोळली. मी म्हटलं, "आता वाळू बी तपासायची?"

"दाणा चांगला हाय. एम-तीस साखरंचा," ते म्हणाले. आणि मग माझा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि त्यावर वाळू ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उघड्यावर यांनी माझा हात धरलेला ती पहिली वेळ. म्हणाले, "बघ. दाणा धरायला लागला की लई जपावं लागतं. त्या येळंला घाई करायची न्हाय, कुणाचं ऐकायचं न्हाय. वरनं साहेब वरडत्यात, लवकर करा. ऐकलं की खोटा दाणा येतो. समदा पाक बिघडतो." इतकी वर्षं ज्या कामाचा वास यांच्या कपड्यांना येत होता ते काम त्यांनी मला पहिल्यांदा समजावून सांगितलं. मी ऐकत होते. वाळू बोटांतून गळून गेली तरी त्यांनी हात सोडला नाही.

ऊन उतरलं. मग समुद्राकडे बघत म्हणाले, "लोकं बोलत्यात ते मनाला लावून घेत जाऊ नगंस. आई बोलती, बोलू दी. मला काय बी कमी न्हाय. तू हाईस, बास झालं."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते घोंगडीला पुसलं. सूर्य बुडाला, पाणी आधी तांबडं आणि मग दगडी रंगाचं झालं, तरी आम्ही तसेच. माझी बोटं त्यांच्या त्या कडक अंगठ्याखाली मुंग्या येऊन बधिर झाली होती आणि मला ती हलवायची नव्हती. मागून मन्सूरभाईंची हाक आली तेव्हा पार अंधारलं होतं.

परत आल्यावर फोटो धुऊन आले. कॉलनीतल्या सगळ्या बायका ओट्यावर जमल्या. पाकीट हातोहात फिरलं आणि कुसुमताई म्हणाल्या, "अगं, हे तर तुमच्या सांगवीचं रान हाय." सांगवी म्हणजे यांचं गाव. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, नाही हो, परदेश आहे. "मग समुद्र कुठाय? विमान कुठाय? आन मॉरिशसात घोंगडी कशाला पांघरली?" मी ट्रंकेतून पासपोर्ट काढून शिक्का दाखवला. "शिक्के काय, तहसीलीत बी मारत्यात," कुसुमताई म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही कुठे दोन दिवस गावाला जाऊन आलो तरी कॉलनीत विचारणा व्हायची, काय, मॉरिशस का? हे त्यावर स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे.

माझी तक्रार त्याबद्दल नाही. जूनमध्ये एका दुपारी आम्ही दोघंच घरी होतो, तेव्हा मी लाजत लाजत म्हटलं, "समुद्रावर तुमी मला काय म्हणाला व्हता, ते परत म्हणा की."

"मी? मी काय म्हणालो?"

"असं काय करता? माझा हात धरून बोलला की."

"हात? मी? चारचौघांत?" यांनी डोळे मोठे केले. "सपान पडलं आसंल तुला. खारं वारं लागलं की पडत्यात सपनं."

ते मिशीत हसत होते हे मला दिसत होतं. मीही हसले. मग तो आमचा खेळच झाला. वर्षातून दोन-तीनदा मी विचारायचे, ते नाकबूल करायचे. सासूबाई गेल्या, हे निवृत्त झाले, कॉलनी सोडून आम्ही सांगवीत दोन खोल्या बांधल्या, तरी खेळ चालू. मला त्यात गंमत वाटायची. इतक्या वर्षांत ते पुन्हा तसं काही बोलले नाहीत, त्याचंही मला काही वाटलं नाही, कारण एकदा बोलले होते. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसून विचारलं, आता तरी सांगा. त्यांनी अंगठा बोटावर हळू चोळला. "आपण मॉरिशसला गेलतो व्हय?" म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेले.

थट्टेचं असं आहे, की ती करणारं माणूस उठून गेलं की ती तशीच पडून राहते आणि तिच्याकडे पाहून कुणी हसत नाही. पहिलं वर्ष रडण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी एका सकाळी चुलीपुढे बसले असताना मनात आलं, खरंच स्वप्न असेल तर? पंचवीस वर्षं एक माणूस नाही म्हणत होता. फोटो नाही. कुणाला सांगितलेलं नाही. मी त्या वाक्यावर अख्खा संसार तोलून धरला होता, आणि ते वाक्य ऐकलेलं माणूस मी एकटीच. आता तर मला किल्ल्या कुठे ठेवल्या हे आठवत नाही. सांगवीतल्या त्या दोन खोल्यांत दिवसभर कुणाचा आवाज नसतो. त्या शांततेत मी ते वाक्य इतक्यांदा मनात म्हटलं आहे, की ते यांच्या आवाजात येतं की माझ्या, हेच हल्ली कळेनासं झालं आहे. यांच्या जाण्यापेक्षा ही शंका जास्त वाईट आहे. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण तसंच आहे.

इंदापूर आलं. मन्सूरभाईंचं दुकान आता मुलगा बघतो. ते वरच्या मजल्यावर खिडकीपाशी बसलेले. दाढी पांढरी झालेली, एका कानाला यंत्र. "वहिनी, तुमी? एकट्या आला? फोन केला आसता तर गाडी धाडली आसती." त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. सुनेने चहा आणि नानकटाई आणून ठेवली. मी फोटो काढले. ते एकेक डोळ्यांजवळ धरून बघत राहिले आणि हसत हसत त्यांना ठसका लागला. "काय पण येडी माणसं आमी. तुमाला निस्तं उसापशी उभं केलं."

सून आत गेली तेव्हा मी धीर केला. "मन्सूरभाई, आपण समुद्रावर गेलो होतो. पाचव्या दिवशी."

"व्हय. आननस घेतला व्हता."

"आम्ही पुढं बसलो होतो. हे माझ्याशी काही बोलत होते. तुम्ही मागंच होता. तुम्हाला काही ऐकू आलं होतं का हो? काही दिसलं?"

म्हातारपणी माझे कान तापले. मन्सूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोटो सारखे करून पाकिटात घातले. "न्हाय वहिनी. खोटं कशाला बोलू? लाटांचा आवाज व्हता. आन मी तर तुमच्याकडं पाठ करून बसलो व्हतो."

मी बरं म्हटलं. चहाचा कप उचलला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही. इतक्या दूर आले आणि उगाच आले असं वाटलं. ते मात्र खिडकीबाहेर बघत पुढे बोलतच होते.

"सलीमनं सहाला गाडी धाडली व्हती, ती येऊन उभी. ड्रायव्हर हारन वाजवाया लागला. तुमाला हाक मारावी म्हणून दोनदा उठलो आन दोनदा परत बसलो. ड्रायव्हरला म्हटलं, गप बस गड्या थोडा येळ. तास झाला आसंल. मान पार आखडली माझी. पर तुमी दोघं तसं बसलेलं आसताना हाक कशी मारायची? भानदासनं जल्मात कधी तसं केलं नव्हतं."

तसं म्हणजे कसं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना लाजल्यासारखं झालं असतं. मी चहा संपवला, नानकटाई खाल्ली, चांगली दोन खाल्ली. त्यांनी एक फोटो ठेवून घेऊ का म्हणून विचारलं. यांचा नुसता सदरा दिसतो तो. मी दिला.

परतीच्या गाडीत ऊन डोळ्यांवर येत होतं. हात धरला होता. म्हणजे बोललेही होते. बारामतीपर्यंत मी हे पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत होते आणि शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. एवढी वर्षं मिशीत हसत मला बनवलं. पुरावा हातात आला होता, आणि ज्याच्यापुढे तो टाकून हसायचं तो माणूस तेवढा नव्हता.

सांगवीत पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. कुलूप काढलं, दार ढकललं. आत त्यांची खाट भिंतीशी आहे तशीच आहे. "सापडलात," मी मोठ्याने म्हणाले, आणि उत्तर यायला लागतो तेवढा वेळ दारातच उभी राहिले.